उंच उडी मारताना गुडघ्याखालचं हाड टेन्डनसकट उपटलं : १४ वर्षांच्या मुलाच्या पायात स्क्रू घालू द्यावेत का?

तिहेरीउडी

नमस्कार. मुलगा १४ वर्षांचा, उंच उडी मारतो. काल संध्याकाळच्या सरावात टेकऑफचा डावा पाय रोवला आणि वर उठायच्या आतच तो खाली बसला. कुणाचा धक्का नाही, घसरला नाही, बारपर्यंत पोचलाही नाही. मी बाजूलाच उभा होतो, 'कट्' असा आवाज मलाही ऐकू आला. नडगी जिथून सुरू होते तिथे बघता बघता मोठं टेंगूळ आलं. पाय सरळ ठेवून उचल म्हटलं तर टाच जमिनीवरून हलेना. वाटी नेहमीपेक्षा वर सरकल्यासारखी दिसत होती.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन झालाय. गुडघ्याच्या वाटीखालचा टेन्डन (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा चिवट पट्टा) नडगीच्या ज्या उंचवट्यावर चिकटतो, तो हाडाचा तुकडाच टेन्डनसकट वर खेचला गेला आहे आणि भेग वर सांध्यापर्यंत गेली आहे, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. रिपोर्टवर 'ऑग्डेन ३' लिहिलंय. उद्या सकाळी ऑपरेशन, दोन स्क्रू घालणार. आत्ता तो हॉस्पिटलमध्येच आहे, पायाला मागून प्लास्टरचा स्लॅब बांधलाय.

डॉक्टर चांगले वाटले, पण रात्री डोक्यात नाही नाही ते येतंय. मोठे भाऊ म्हणतात, या वयातली हाडं प्लास्टरने आपोआप जुळतात, वाढीच्या जागी लोखंड कशाला घालता, पाय आखूड राहील. दुसरं म्हणजे, नुसती उडी मारताना हाड कसं निघतं? त्याची हाडं कमजोर आहेत का? वर्षभर त्याच जागी सरावानंतर दुखायचं, वाढीच्या वयात असं होतं म्हणून बर्फ आणि विश्रांती एवढंच सांगितलं होतं. आणि तिसरं, तो मला फक्त पुढच्या मोसमाबद्दल विचारतोय. मी स्वतः उड्या मारलेला माणूस आहे, मला त्याला खोटं काही सांगायचं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी स्पष्ट सांगा.

वाढतीहाडं

दादा, मी लहान मुलांच्या हाडांची ऑपरेशनं करतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी आजच्या रात्रीचं बोलू. या दुखापतीत मला स्क्रूची काळजी कधीच वाटत नाही. ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची रात्र, यांची वाटते.

त्या उंचवट्याच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी धमनी असते, नडगीच्या पुढच्या धमनीची उलटी वर वळणारी फांदी. हाड उपटताना ती तुटू शकते. तुटलेलं टोक आखडून नडगीच्या पुढच्या स्नायूंच्या कप्प्यात जातं आणि तिथे रक्त साचत राहतं. तो कप्पा जाड पडद्याने बंद केलेला असतो, पडदा ताणत नाही, म्हणून आतला दाब चढतो आणि स्नायूलाच रक्त मिळेनासं होतं. याला कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. बहुतेक मुलांना हे होत नाही. पण ज्यांना होतं त्यांचा स्नायू वाचवायला हातात काही तासच असतात, सकाळच्या राउंडपर्यंत थांबून चालत नाही.

म्हणून रात्री त्याच्याजवळ जो कुणी असेल त्याने एवढं बघायचं. औषध देऊनही वेदना वाढतच चालली आहे का? पायाची बोटं तुम्ही हलकेच खाली वाकवलीत तर नडगीत जीवघेणी कळ येते का? अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेत बधिर वाटतं का? अंगठा स्वतःहून वर उचलता येतो का? मुलं 'दाब वाटतोय' असं नेमकं सांगत नाहीत. ती चिडचिड करतात, सारखं औषध मागतात, कुठल्याच कुशीवर त्यांना बरं वाटत नाही. बोटं गुलाबी आहेत आणि नाडी लागते आहे, यावर समाधान मानू नका. या त्रासात नाडी शेवटपर्यंत लागू शकते. शंका आली तर नर्सला सांगा आणि डॉक्टरांना त्याच वेळी बोलवायला लावा. पाय उशांच्या ढिगावर उंच ठेवू नका, छातीच्या पातळीला असू द्या.

आणि उद्या भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा विचारा की ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून पाय बरेच तास बधिर करणार आहेत का. वेदना कमी होणं चांगलंच, पण या एका दुखापतीत वेदना हीच पहिली सूचना असते. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी हे एकमेकांशी बोलून ठरवलेलं असावं. पालकाने विचारलं तर कुणाला राग यायचं कारण नाही.

आता हाडं कमजोर का, या प्रश्नाकडे येतो. अजिबात नाहीत. मोठ्या माणसाच्या पायात हीच ताकद लागली तर टेन्डन फाटतो. तुमच्या मुलाचा टेन्डन शाबूत आहे. भिंतीत घट्ट बसलेला खिळा जोरात ओढला की खिळा तुटत नाही, भोवतीच्या गिलाव्याचा पोपडा घेऊन बाहेर येतो, तसं झालंय. नडगीच्या वरच्या टोकाला वाढीची चकती असते, कूर्चेची. ती पोरसवदा वयात बंद व्हायला लागते, पण सगळीकडून एकदम बंद होत नाही. आधी मागची बाजू हाडाची होते, मग पुढची, आणि टेन्डन जिथे चिकटतो तो उंचवटा सगळ्यात शेवटी. याच काळात त्या उंचवट्यातली ताण सोसणारी चिवट कूर्चा जाऊन तिच्या जागी खांबासारख्या रांगांत मांडलेल्या पेशींची कूर्चा येते. ती दाब चांगला सोसते, ओढ सोसत नाही. आणि नेमकी हीच वर्षं मुलांच्या मांडीत ताकद भरण्याची. त्यामुळे ही दुखापत मुख्यतः १२ ते १६ या वयातल्या, उड्यांच्या खेळातल्या, चांगल्या दणकट मुलग्यांना होते. मुलींना क्वचित, कारण त्यांच्या चकत्या आधी बंद होतात.

उंच उडीत टेकऑफचा पाय रोवला की गुडघा थोडा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू त्या वाकण्याला सगळी ताकद लावून अडवतो. लांबत असताना आकुंचन पावणाऱ्या स्नायूची ओढ सर्वांत जास्त असते. पडावं लागत नाही ते याचमुळे.

प्लास्टरबद्दल भाऊ म्हणतात ते पूर्ण चूक नाही, पण तुमच्या मुलाला लागू होत नाही. वॉटसन-जोन्स यांनी या दुखापतीचे तीन प्रकार पाडले होते, १९८० साली ऑग्डेन आणि सहकाऱ्यांनी ते आणखी नेमके केले. पहिल्या प्रकारात उंचवट्याचं नुसतं टोक उचललेलं असतं, जागचं हललेलं नसेल तर पाय सरळ ठेवून प्लास्टरवर जुळतं. तिसऱ्यात भेग सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागापर्यंत जाते. तिथे पायरी राहिली तर पुढे सांधा झिजतो. शिवाय तुकड्याला वर खेचणारा स्नायू शरीरातल्या सर्वांत दणकट स्नायूंपैकी एक आहे, तो प्लास्टरच्या आतही खेचतच राहतो. आणि एक गोष्ट फिल्मवर दिसत नाही. हाडावरचं जाड आवरण फाटून पदरासारखं भेगेत दुमडून बसतं. कितीही कौशल्याने बाहेरून दाबलं तरी तो पदर मध्ये असेपर्यंत हाडाला हाड लागत नाही. तो हाताने काढावाच लागतो.

उद्या साधारण हेच होईल. पुढून चीर, भेगेतलं साकळलेलं रक्त आणि तो आवरणाचा पदर बाहेर. गुडघा पूर्ण सरळ केला की स्नायू सैल पडतो आणि तुकडा बऱ्याचदा सहज खाली येतो. मग सांधा उघडून किंवा दुर्बिणीतून पृष्ठभाग एकसंध झाला का ते बघतात, मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची, पुढची बाजू फाटली किंवा अडकली आहे का तेही. मला हे पाहणं स्क्रूइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर पोकळ स्क्रू, बहुधा ४ ते ४.५ मिलिमीटर जाडीचे, पुढून मागे. टेन्डन तुकड्यापासूनही सुटलेला निघाला तर तो जाड धाग्याने किंवा हाडात बसवायच्या अँकरने वेगळा शिवावा लागतो. हे कधीकधी टेबलवरच कळतं, म्हणून सर्जनने 'आत बघून ठरवू' म्हटलं तर घाबरू नका. नडगीच्या पुढच्या कप्प्याचा पडदा आम्ही बरेच जण त्याच चिरेतून मोकळा करून ठेवतो, मघाशी सांगितलेला दाब चढू नये म्हणून.

वाढीचं गणित असं. नडगीची वरची चकती वर्षाला साधारण ६ मिलिमीटर वाढ देते आणि मुलग्यांमध्ये १६ च्या आसपास थांबते. तुमच्या मुलाची मागची बाजू बंद झालेली असणार किंवा होत आली असणार, नाहीतर भेग त्या वाटेने गेली नसती. त्यामुळे पाय आखूड होण्याची शक्यता फार कमी. खरा धोका ११-१२ वर्षांच्या मुलात असतो. तिथे पुढची बाजू लवकर बंद झाली आणि मागची वाढत राहिली, तर गुडघा हळूहळू उलट्या बाजूला झुकतो. अशा मुलात आम्ही चकतीतून आटे असलेला स्क्रू नेत नाही, गुळगुळीत तारा वापरतो आणि वाढ संपेपर्यंत दोन्ही पायांचे एक्स-रे घेत राहतो. १४ वर्षं हे वय कागदावरचं आहे, हाडांचं वय वेगळं असू शकतं. शंका असेल तर हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून ते कळतं. हा प्रश्न मात्र उद्या सर्जनना जरूर विचारा.

आणि उडी. नीट बसवलेलं हाड जुळतं, ही मुलं बहुसंख्येने आपल्या खेळात परततात, साधारण ४ ते ६ महिन्यांत. त्याला हेच सांगा. हा मोसम गेला, पुढचा आहे.

तिहेरीउडी

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एक लगेच सांगायचंय. तासाभरापासून तो बँडेज आवळतंय म्हणतोय. बोटं हलवतोय, अंगठा वर येतोय. बोट खाली वाकवलं तर 'ताणतंय' म्हणाला, ओरडला नाही. मी पाय दोन उशांवर ठेवला होता, आता खाली घेतला.

वाढतीहाडं

आत्ताच्या आत्ता नर्सला सांगा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. बँडेज वरून खालपर्यंत, आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत कापून मोकळं करायला सांगा. वरचा एकच पदर सैल केला तर उपयोग नाही. आवळलेलं असेल तर सुटल्यावर अर्ध्या तासात आराम पडतो. नाही पडला तर तुमच्या सर्जनना घरून बोलवायचं. इथे लिहायला थांबू नका, नंतर कळवा.

ओलीवाळू

माझ्या भाच्याला फुटबॉल खेळताना हेच झालं होतं आणि प्लास्टरमध्येच बरा झाला. पाच-सहा आठवडे पाय सरळ, नंतर व्यायाम. त्याचं हाड जागचं हललंच नव्हतं, असं बहिणीला सांगितलं होतं. म्हणजे वर डॉक्टरांनी म्हटलेला पहिला प्रकार असणार. तुमच्या भावांनी असंच कुणाचं तरी बघितलं असेल. त्यांना दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून दाखवले तर पटेल.

तिहेरीउडी

डॉक्टर आले, बँडेज पूर्ण कापलं, स्लॅब नुसता खाली ठेवून सैल गुंडाळलं. आता 'बरं वाटतंय' म्हणाला आणि झोपलाय. दर तासाला उठवून बोटं तपासायला सांगितलंय. सर्जनशीही फोनवर बोलणं झालं. भूल देण्याबद्दलचा प्रश्न विचारला, ते म्हणाले त्यांनी आधीच ठरवलंय, पाय बधिर करणार नाहीत, शिरेतून औषध देणार.

सरळपाय

थोडं वेगळं पण जवळचं लिहिते, कारण हा धागा उद्या आणखी कुणी आईबाप वाचतील. मी १० वर्षांची असताना जिम्नॅस्टिक्स करायचे. व्हॉल्टवरून उतरताना माझाही गुडघा असाच 'गेला'. माझं नडगीकडचं टोक ठीक होतं, वाटीच्या खालच्या टोकाकडून टेन्डन सुटला होता. पहिल्या ठिकाणी एक्स-रे बघून 'हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय' असं सांगून क्रेप बँडेजवर घरी पाठवलं. मी पाय उचलू शकत नाही असं आई सांगत होती, तर 'दुखतंय म्हणून उचलत नाही' असं उत्तर मिळालं.

आईला ते पटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे बाजूने काढून शेजारी लावले. माझी डावी वाटी उजवीपेक्षा स्पष्ट वर होती आणि तिच्या खाली नखाएवढी हाडाची कपची तरंगत होती. मग एमआरआय केला. ती कपची दिसायला क्षुल्लक, पण तिच्याबरोबर वाटीच्या खालच्या टोकावरची कूर्चा आणि आवरण मोज्यासारखं सोलून निघालेलं होतं. लहान मुलांच्या वाटीचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, हे मला फार नंतर कळलं. याला स्लीव्ह फ्रॅक्चर म्हणतात. ८ ते १२ हे त्याचं वय.

माझ्यात स्क्रू नाहीत. वाटीतून उभी भोकं पाडून त्यातून जाड धागे ओवून टेन्डन आणि तो सोललेला भाग परत खेचून बांधला, दोन्ही बाजूंचा फाटलेला पडदा शिवला. आज मी धावते, डोंगर चढते, मांडी घालून बसते. उकिडवं बसायला पूर्ण जमायला मात्र वर्षाच्या वर लागलं. डागाच्या जागी अजूनही बोट लावलं की बधिर वाटतं, पण त्याचा त्रास काही नाही.

मला एकच आग्रहाने सांगायचंय. मूल पडून राहिलं असताना पाय सरळ ठेवून टाच उचलायला सांगा. ते जमत नसेल आणि रिपोर्ट 'नॉर्मल' असेल, तर दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढायला लावा. माझ्या आईने तसं केलं नसतं तर तो सोललेला पदर तिथेच हाड बनवत बसला असता आणि वाटी लांबुळकी होऊन गुडघा कायमचा कमजोर राहिला असता.

वाढतीहाडं

सरळपाय, तुमच्या आईने केलं ते अगदी बरोबर. वाटीच्या खाली बोटाने चाचपलं तर अशा मुलांत खळगा लागतो, तोही शोधायला हवा. सोनोग्राफीतही दिसतं, एमआरआय लगेच मिळत नसेल तर. उशिरा कळलं तर स्नायू आखडून वाटी वर अडकून बसते आणि साधं शिवणकाम अवघड ऑपरेशन होऊन बसतं.

पायरीपायरीने

फिजिओ आहे. ऑपरेशन नीट झालं की पुढचे महिने आमच्या वाट्याचे, म्हणून दोन शब्द. खरं तर बरेच.

पहिले ४ ते ६ आठवडे गुडघा ब्रेसमध्ये सरळ लॉक असेल. या काळात पोरं मोबाइल घेऊन पडून राहतात आणि मांडी डोळ्यांदेखत वितळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सर्जनची परवानगी घेऊन, गुडघ्याखाली छोटी टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची आणि सोडायची. नुसतं आवळणं. पाय हवेत उचलण्याची घाई नको, कारण तो उचलताना सगळी ओढ त्याच स्क्रूवर येते. घोटा वर-खाली करत राहायचा. वाटी दोन बोटांनी हळूच डावी-उजवीकडे सरकवायची, म्हणजे ती चिकटत नाही. उजवा पाय, पोट, पाठ, खांदे यांना सुट्टी नाही. खेळाडू मुलाला रोज काहीतरी 'सराव' केला असं वाटायला हवं, नाहीतर मनाने तो बाहेर पडतो.

चालायला कुबड्या. ब्रेस लॉक असताना पायावर किती भार द्यायचा हे सर्जनने आत काय पाहिलं त्यावर ठरतं, दुसऱ्या कुणाचं वेळापत्रक उचलून आणू नका. वाकवणं टप्प्याटप्प्याने, आधी ३० अंश, मग ६०, मग ९०, आणि तेही टाच गादीवरून सरकवत, स्नायू सैल ठेवून. स्वतःच्या जोरावर गुडघा सरळ करायचा व्यायाम एक्स-रेत हाड धरल्याचं दिसल्यावरच.

मी सगळ्यात आधी एक खूण बघते. पाय सरळ उचलला की गुडघा शेवटचे काही अंश खाली लोंबतो का? तो लोंबणं बंद झाल्याशिवाय मी ब्रेस सोडू देत नाही. मुलगा कितीही म्हणो, 'ताई, काही दुखत नाही.' दुखणं थांबणं आणि स्नायू परत येणं यात या दुखापतीत बरंच अंतर असतं.

मग सायकल, दोन पायांवरची बैठक, हळू खाली उतरायची पायरी, एका पायावरची बैठक. उड्या शेवटी. आणि उड्यांमध्येही आधी उतरणं शिकवायचं, मग मारणं. दोन पायांवर उतरणं, आवाज न करता. नंतर एका पायावर. त्यानंतर आखूड रनअप. टेकऑफ त्याच डाव्या पायाचा असल्यामुळे तो पाय रोवायला घाबरेल, हे धरूनच चाला. रनअपचा ठेका बदलेल, शेवटचं पाऊल आखडेल. तुम्ही स्वतः उडी मारलेले आहात, तुम्हाला ते माझ्याआधी दिसेल. तेव्हा 'घाबरू नकोस' म्हणण्यापेक्षा बार उतरवा आणि उंची विसरून नुसतं पाऊल पाडायला लावा. मोठ्या उड्या मी तेव्हाच सोडते जेव्हा मापात डावी मांडी उजवीच्या निदान ९० टक्के ताकद दाखवते आणि एका पायावरची लांब उडी दोन्ही बाजूंना जवळपास सारखी पडते. चार महिने झाले म्हणून पाय तयार होत नाही.

तिहेरीउडी

झालं ऑपरेशन. दोन तासांच्या आत बाहेर आणलं. मेनिस्कस शाबूत होता, टेन्डन तुकड्याला धरून होता, आवरणाचा पदर आत दुमडलेला होता, तुम्ही म्हणालात तसाच. सांध्याचा पृष्ठभाग डोळ्यांनी बघून जुळवला असं सर्जननी सांगितलं. पुढच्या कप्प्याचा पडदाही मोकळा केलाय. पंजाचा एक्स-रे कालच काढला होता, हाडांचं वय १५ च्या जवळ निघालं. भावांना सगळं समजावलं, आता तेच त्याच्या शेजारी बसलेत आणि दर तासाला बोटं तपासतायत.

त्याला मी सांगितलं, हा मोसम नाही, पुढचा. थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. नंतर त्याने फिजिओताईंचा प्रतिसाद स्वतः वाचायला मागितला.

आता एक शेवटचं. माझ्याकडे सकाळी आणखी मुलं सरावाला येतात. त्यातल्या दोघांना तिथेच, उंचवट्यावर दुखतं, एकाची तर गाठ दिसते. त्यांच्या उड्या बंद करू का? आणि हे स्क्रू आयुष्यभर आत राहणार का?

वाढतीहाडं

छान बातमी. आजची रात्रही कालसारखीच जागती ठेवा, ऑपरेशननंतरही कप्प्यात सूज येते.

स्क्रू आधी. हाड पक्कं जुळल्यावर ते आत राहिले तरी नुकसान नाही. पण त्यांची डोकी कातडीच्या लगेच खाली असतात, गुडघा टेकला की टोचतात, वर सूज धरते. या ऑपरेशननंतरची ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. तसं झालं तर सहा महिने-वर्षाने छोटं ऑपरेशन करून काढतात. त्यानंतर काही आठवडे उड्या बंद, भोकं भरेपर्यंत. म्हणून काढायचेच असतील तर दोन मोसमांच्या मधला काळ बघा.

बाकीच्या दोघांचं. त्यांचं बहुधा ऑसगुड-श्लाटर असेल. १९०३ साली ऑसगुड आणि श्लाटर या दोघांनी वेगवेगळं वर्णन केलेलं हे दुखणं. त्याच उंचवट्यावर रोजच्या ओढीने थोडं थोडं दुखावणं. तुमच्या मुलाचं वर्षभराचं दुखणंही तेच असावं. ज्यांचं हाड उपटतं त्यातल्या काहींना आधी हा त्रास असतो हे खरं, पण ऑसगुड-श्लाटर असलेल्या बहुसंख्य मुलांना असं काहीही होत नाही, वाढ संपली की ते थांबतं. तेव्हा 'आधी बर्फ आणि विश्रांती सांगितली' याचा सल मनात धरू नका, तो सल्ला योग्यच होता. त्या दोघांच्या उड्या कायमच्या बंद करायची गरज नाही. आठवड्यातल्या टेकऑफची संख्या कमी करा, सलग दोन दिवस उड्या ठेवू नका, मांडीचे पुढचे-मागचे स्नायू रोज ताणून घ्या. दुखणं सरावानंतर थोडं होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं असेल तर चालू ठेवा. लंगडत असेल तर थांबवा. एकदा दोघांचेही बाजूने एक्स-रे काढून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडतात.

आणि त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना हे सांगून ठेवा : एका उडीत अचानक आवाज आला, लगेच सूज आली, पाय सरळ उचलता येईना, तर हे नेहमीचं दुखणं समजून घरी बर्फ लावत बसायचं नाही. पायावर भार न देता, गुडघा सरळ बांधून, त्याच दिवशी हॉस्पिटल. वाटेत काही खाऊ-पिऊ देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

पायरीपायरीने

त्याला म्हणावं, उद्या सकाळी मांडी आवळायचा पहिला सराव. सर्जनना विचारून. किती सेकंद धरता आलं ते वहीत लिहून ठेव.